अप्पांचा सोमवार, माझी पंचवीस मिनिटं

२ जून २०२४, रविवार. टेम्पोचं भाडं साडेतीन हजार, हमाली सातशे वेगळी. हजर: मी, माझी बायको शैला, मुलगी श्रावणी, माझे वडील म्हणजे अप्पा, शेजारी राहणारी त्यांची चुलत बहीण गंगव्वाआत्या, आणि टेम्पोवाला. ठिकाण: होटगी, स्टेशनमागची गल्ली. जायचं होतं सोलापूर ओलांडून पुणे रस्त्याला, बाळे नावाच्या भागात.

अंतर वीस-एक किलोमीटर. एवढ्याला कुणी गाव सोडणं म्हणत नाही, हे मला कळतं. आमच्याच गल्लीतली पोरं पुण्याला गेली, हैदराबादला गेली, एक जण मस्कतला आहे. मी शहराच्या या टोकावरून त्या टोकाला गेलो, इतकंच. पण गावातलं घर विकून निघालो होतो. घर विकून निघालेला माणूस वीस किलोमीटरवर गेला काय नि दोन हजारांवर गेला काय, परत येऊन टेकायला जागा उरत नाही. होटगीत राहिलेल्यांनी मला नावं ठेवली असतील. ती त्यांनी हे वाचून कायम करावीत किंवा थोडी कमी करावीत. आणि जे माझ्यासारखे निघाले, त्यांनी आपापली बेरीज एकदा तपासून बघावी.

टेम्पोवाल्यानं सामानावर दोर आवळला होता. अप्पा टेम्पोभोवती एक फेरी मारून आले आणि गाठ सोडायला लागले.

"ओ आज्जा, धा वर्सं गाडी चालवतोय मी," टेम्पोवाला म्हणाला.

"मग धा वर्सं चुकीची गाठ मारतोयस की," अप्पा म्हणाले आणि नव्यानं बांधायला लागले.

अप्पा रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज ठरलेला रूळ पायी तपासायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या की ठोकायच्या, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. सरळ दिसतो म्हणून रूळ सरळ नसतो, वाकून बघावं लागतं, असं ते मला लहानपणी सांगायचे. मी वाकून बघायला शिकलो ते हिशेबात. एका कारखान्यात लेखा विभागात आहे, चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत. बाकी ठिकाणी वाकलो नाही.

गंगव्वाआत्यानं धपाटे आणि शेंगाचटणीचं गाठोडं शैलाच्या हातात दिलं आणि अप्पांना विचारलं, "आण्णा, सोमवारचं कसं करनार?"

अप्पा काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "आत्या, बाळ्याला स्टेशन हाय की. तितं बसले की हितं उतरले."

"तूच बग बाबा," ती म्हणाली.

सोमवारचं म्हणजे काय ते सांगतो. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. माझी आई, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, आमच्या शेताच्या बांधाला आहे. वर दगडी चौथरा, त्यावर लिंग. शेत दोनच एकर, कोरडवाहू, वाट्यानं दिलेलं. अप्पा "ती बसलीय तितं" असंच म्हणतात. ती गेल्यापासून दर सोमवारी सकाळी ते समाधीवर दिवा लावतात, बेलाचं पान ठेवतात आणि मगच तोंडात पाणी घालतात. होटगीच्या घरातून शेत पायी वीस मिनिटांवर होतं. सात वाजेपर्यंत सगळं आटोपून ते घरी चहा पीत असायचे. घर विकताना मी शेत विकायचं नावही काढलं नाही ते याचसाठी. तेवढ्यानं आपलं कर्तव्य झालं असं मला वाटलं होतं.

घर बदलायची गरज खरी होती, हे मी आजही सांगेन. होटगीहून चिंचोळीला जायचं म्हणजे सगळं सोलापूर मधे. मोटरसायकलवर सव्वा तास जाताना, सव्वा तास येताना, आणि हायवेला उसाच्या ट्रॉल्या. मणक्याचं दुखणं लागलं. शैला शहरातल्या एका खासगी दवाखान्यात सिस्टर आहे, रात्रपाळी संपली की तिला गावाकडं यायला वाहन मिळायचं नाही. श्रावणीचं कॉलेज लागणार होतं. तीन माणसं सकाळी तीन दिशांना जायची आणि घरात आल्यावर कुणाच्या अंगात बोलायचं त्राण नसायचं.

म्हणून मी सहा महिने घर शोधलं. आमचा एजंट रफीकभाई. त्याच्या स्कूटीमागं माझी मोटरसायकल. जुळे सोलापूर बघितलं, अक्कलकोट रस्ता बघितला, विजापूर रस्त्याला सैफुलपर्यंत गेलो. प्रत्येक ठिकाणी माझे प्रश्न तेच: पाणी कितव्या दिवशी, टाकी किती लिटरची, रिक्षा किती अंतरावर, आणि आमच्या घरातल्या प्रत्येकाला जायला-यायला किती वेळ. ही शेवटची बेरीज मी माणशी करत होतो. रफीकभाई वैतागायचा.

"मल्लूसाब, इत्ता हिसाब करेंगे तो घर नक्को होता, कॅलकुलेटर होता."

"पानी का बोलो."

"पानी सब जगा वैसाइच. इधर भी पाचवे दिन, उधर भी पाचवे दिन. पानी पूछनेवाला आदमी सोलापुर में घर लेताच नै."

शेवटी दोन फ्लॅट उरले. एक होटगी रस्त्याला, आसरा चौकाच्या पुढं, म्हणजे गावाच्याच बाजूला. दुसरा बाळ्याला. किंमत जवळपास एकच. शैलाला दवाखाना दोन्हीकडून सारखाच, श्रावणीला कॉलेज सारखंच. फरक फक्त माझ्या वेळेत पडत होता. होटगी रस्त्यावरून मला कारखान्याला जायला एका वेळी पंचवीस मिनिटं जास्त लागणार होती.

अप्पांचा सोमवार मी मोजला नाही असं नाही. मोजला. रेल्वेवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाची एक खोड असते: स्टेशन आहे म्हणजे जवळ आहे. बाळ्याला स्टेशन, होटगीला स्टेशन, मधे सोलापूर. अप्पांना रेल्वेचा पास. मी मनात एक रेघ ओढली आणि पुढं गेलो. अप्पांनाही तसंच वाटलं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "स्टेशन हाय न्हवं? मग आयतु." आयतु म्हणजे झालं. ज्या माणसानं जन्मभर गाड्या येताना-जाताना बघितल्या त्यानं किंवा त्याच्या मुलानं वेळापत्रक उघडून बघितलं नाही. रूळ आहे म्हणजे गाडी असणारच, आणि ती थांबणारच, असं आम्ही धरून चाललो.

पहिल्या सोमवारी अप्पा पहाटे अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, पिशवीत तेल, वात आणि बेल घेऊन बाळे स्टेशनवर गेले. तिथं त्यांना कळलं की तिथं थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, आणि त्यांच्या वेळेला जाणारी एकही नाही. ते चालत पुणे रस्त्याला आले. शेअर रिक्षानं एसटी स्टँड, तिथून दुसरी रिक्षा आसरा चौकापर्यंत, तिथून वडापची जीप होटगीला, आणि मग शेतापर्यंत पायी. दिवा लागला तेव्हा अकरा वाजून गेले होते. रात्री मी विचारलं, "अप्पा, गाडी मिळाली का?"

"मिळाली की," ते म्हणाले.

रिक्षाही गाडीच असते, त्यामुळं ते खोटं बोलले असं म्हणता येणार नाही. मीही पुढं विचारलं नाही. कारखान्यातून मी आता पाऊण तास लवकर घरी येत होतो, शैलाला रात्रपाळीनंतर दहा मिनिटांत रिक्षा मिळत होती, श्रावणी आमच्याशी जेवताना गप्पा मारायला लागली होती. बाळ्याच्या फ्लॅटनं आम्हा तिघांना जे द्यायचं कबूल केलं होतं ते सगळं दिलं. सोमवारी अप्पा दुपारी दोन-अडीचला येतात हे शैलाला माहीत होतं. तिनं मला सांगितलंही. मी म्हणालो, "गावात बसत असतील गप्पा मारत." असं म्हणणं मला सोयीचं होतं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, एप्रिलमधल्या एका सोमवारी साडेदहाला ऑफिसात अनोळखी नंबरवरून फोन आला. "हॅलो, मल्लिकार्जुन कौन है? आप के वालिद इधर आसरा चौक में चक्कर आ के गिरे. होश में हैं, घाबरो नक्को. पन जल्दी आव."

अप्पांना साखरेचा आजार आहे. शैलानं बजावल्यामुळं ते सकाळी गोळी घ्यायचे. ती घोटभर पाण्याबरोबर घ्यावी लागते, पण सोमवारी ते पाणीही घेत नसत, गोळी कोरडीच गिळत. वर काही खात नसत, कारण दिवा लागलेला नसे. गोळी पोटात आणि पोट रिकामं, वर सोलापूरचं ऊन.

मी पोचलो तेव्हा ते एका रसवंतीच्या सावलीत बाकावर बसले होते. फोन करणारा रिक्षावाला शेजारी उभा होता. रसवंतीवाल्या बाईंनी त्यांच्यासमोर रसाचा ग्लास ठेवला होता आणि तो तसाच भरलेला होता. अप्पांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. मी वाटेतच शैलाला फोन लावला होता, तो चालूच होता. ती ओरडत होती, "आधी साखर! आधी काहीतरी गोड तोंडात जाऊ दे, मग बाकीचं!"

"अप्पा, रस घ्या."

"दिवा झाला की घेतो."

"आत्ता घ्या. मी तुम्हाला लगेच शेतात नेतो."

"बेड," ते म्हणाले. नको.

रसवंतीवाल्या बाई मधे पडल्या. "आवो आज्जा, तुमची बायकू वर बसून बगतीया न्हवं? तिला बरं वाटंल व्हय तुमी हितं माज्या दुकानात आडवं झालेलं? माजं गिऱ्हाइक पळंल की!"

अप्पा हसले, पण ग्लासाला हात लावला नाही. अर्धा तास शेतापर्यंत. तेवढा वेळ नव्हता, हे मला शैलाच्या आवाजावरून कळत होतं.

मी बाजूला जाऊन गंगव्वाआत्याला फोन लावला आणि काय झालंय ते सांगितलं. ती म्हणाली, "मी शेतात जाऊन दिवा लावते म्हणून सांग त्याला. धा मिन्टानं परत फोन कर, आण्णापुढं कर." ती शेतात जाऊ शकत नाही हे मला ठाऊक होतं. तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. तरी मी अप्पांना तसंच सांगितलं. दहा मिनिटं मी अप्पांच्या पाठीवर ओला रुमाल ठेवून उभा होतो. मग फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"लावला बग दिवा, आण्णा," आत्याचा आवाज आला. तिनं धाप लागल्यासारखंही केलं.

"बेल ठिवला?" अप्पांनी विचारलं.

"ठिवला."

"तीन पानांचा?"

"न्हाय, एकच पान ठिवलं! आता मला शिकवनार व्हय तू? तिच्या लग्नात हळद मी लावल्याली. पी गपचिप रस."

अप्पांनी ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. बाईंनी दुसरा भरला. मग आम्ही त्याच रिक्षानं शैलाच्या दवाखान्यात गेलो. रिक्षावाल्यानं मीटरप्रमाणं पैसे घेतले, एक रुपया जास्त नाही.

चार-पाच दिवसांनी, संध्याकाळी, बाळ्याच्या गॅलरीत बसलेले असताना अप्पा आपण होऊन म्हणाले, "गंगव्वाला दारातल्या पायऱ्या उतरायला धा मिन्टं लागत्यात."

मी हातातल्या पेपरची घडी घातली.

"ती शेतात गेली न्हवती, मल्लू."

"माहीत होतं तर मग रस का घेतलात?"

अप्पा म्हणाले, "तुजं त्वांड बगितलं. लहानपनी विहिरीत पडला हुतास तवाबी असंच झालं हुतं तुजं त्वांड." मग म्हणाले, "तुजी अव्वा काय म्हनायची न्हाय. पर माजा एक सोमवार गेला, बाबा."

अव्वा गेल्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. पावसात, तापात, नंतर माझे धाकटे काका वारले तेव्हाच्या सुतकातही त्यांनी लांबून का होईना दिवा लावला होता, एकही सोमवार चुकवला नव्हता. तो त्यांनी माझ्या तोंडाकडं बघून चुकवला. आणि माझं तोंड तसं व्हायला कारण काय, तर माझी पंचवीस मिनिटं.

मी उपाय केले नाहीत असं कुणी म्हणू नये. मी साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी सोमवारी मागितली. लेखा विभागाला ती मिळत नाही, बँका चालू असतात. मग पहाटे साडेपाचला मी अप्पांना मोटरसायकलवर शेतात न्यायला लागलो. दिवा लावायचा, त्यांना गंगव्वाआत्याकडं सोडायचं, आणि मी तसाच चिंचोळीला. काही महिने हे नीट चाललं. त्या सकाळी ते मागं बसून रस्त्याकडेच्या प्रत्येक फाटकाचं नाव सांगायचे. मग सप्टेंबरात कारखान्याचं ऑडिट आलं. एक सोमवार मला जमलं नाही, मग दुसरा जमला नाही. तिसऱ्या सोमवारी मी उठायच्या आत अप्पा रिक्षानं निघून गेले होते, खिशात शैलानं दिलेली खडीसाखर घेऊन. त्यानंतर मी "चला" म्हणालो की ते म्हणायचे, "तू झोप. मला सवं झाली आता."

होटगी रस्त्याला परत घर बघू, असं मी शैलाला म्हणालो. आम्ही बसून आकडे मांडले. कर्ज, मुद्रांक शुल्क, एजंट, परत सगळं सामान. ती म्हणाली, "बेरीज नको. तुम्हाला जायचंय का ते सांगा." मला लगेच हो म्हणता आलं नाही. तिला ते कळलं, आणि अप्पा आतल्या खोलीत जागे होते, त्यांनाही कळलं असणार. खरं सांगायचं तर आजही मी त्या दोन फ्लॅटची तुलना केली तर उत्तर बाळेच येतं. चुकलेला आकडा दुरुस्त करून मांडला तरी तेच येतं. याची मला लाज वाटते, पण आकड्यात मला दुसरं काही दाखवता येत नाही.

या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सकाळी पोहे खाताना अप्पा म्हणाले, "गंगव्वाकडची मागची खोली बगितलीय. पयली वैरन ठिवायचे तितं. फरशी हाय, लाइट हाय. बाराशे म्हनती."

"कशाला बाराशे?"

"भाडं."

शैलानं हातातला चमचा खाली ठेवला. मी म्हणालो, "अप्पा, ज्या गावात आपलं घर होतं तिथं तुम्ही भाड्यानं राहणार? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हनायचं ते म्हनून बसलेत. आता नवीन काय म्हनत्यात?" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "रुसून चाललो न्हाय रे. रविवारी येतो की. गव्हाची हुग्गी कर म्हनावं शैलाला. आन् ह्या पोरीला म्हनावं, आज्जाला मोबाइलवर फोटो दाव कॉलेजचे."

श्रावणी उठून आत गेली.

आता आठवड्याचं असं आहे. रविवारी सकाळी मी होटगीला जातो, अप्पांना घेऊन येतो, संध्याकाळी परत सोडतो आणि एकटा घरी येतो. चार फेऱ्या, प्रत्येकी पन्नास मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. होटगी रस्त्याऐवजी बाळ्याला राहिल्यामुळं जाता-येता रोज पन्नास मिनिटं, सहा दिवस, अशी माझी आठवड्याला पाच तास बचत होते. म्हणजे अजूनही एक तास चाळीस मिनिटं माझ्याकडं शिल्लक पडतात. ती मी कुठं खर्च करतो, हे मला सांगता येत नाही.

अप्पांची तब्येत सुधारली आहे. साखर ताब्यात आहे. सोमवारी सात वाजता चहा पितात, गंगव्वाआत्या साखर कमी घालते आणि ते तिच्याशी भांडतात. हे सगळं चांगलंच झालं. पण रविवारी बाळ्याला आले की ते पंखा लावायच्या आधी शैलाला विचारतात, "लावू का गं?" जेवण झालं की ताट उचलून मोरीत ठेवायला जातात, आणि ती धावत जाऊन हातातून घेते. आणि होटगीत त्यांच्या खोलीत मी गेलो की मला खाटेवर बसवून ते स्वतः माठातलं पाणी आणतात. इथं ते पाहुणे, तिथं मी. आम्ही दोघंही एकाच वेळी घरी आहोत अशी जागा आता राहिलेली नाही. ज्यांनी माझ्याहून लांब जाऊन घरं केली, त्यांचंही असंच झालं असेल, की लांब गेल्यावर ते कमी जाणवतं, मला माहीत नाही. माझ्या बाबतीत ते वीस किलोमीटरवर आहे आणि दर आठवड्याला दिसतं.

खोलीचा व्यवहार १ मार्चला झाला, रविवारी. भाडं महिना बाराशे, अनामत काही नाही. हजर: अप्पा, गंगव्वाआत्या आणि मी. मी सहा महिन्यांचे सात हजार दोनशे पाकिटात घालून नेले होते. आत्यानं पाकिटाकडं बघितलं आणि मग अप्पांकडं. अप्पा म्हणाले, "आत ठिव ते." मग त्यांनी पेन्शनच्या पैशांतून बाराशे काढले, दोनदा मोजले आणि गंगव्वाआत्याच्या हातात दिले. माझे सात हजार दोनशे मी बाळ्याला परत घेऊन आलो.